एकमजली पाया, तीनमजली स्वप्न

आपल्या बेटावर कोणत्याही बाजूला जा, पोर्ट लुईच्या उपनगरांत जा, वाक्वाकडे जा किंवा पश्चिमेला कास्काव्हेलच्या वाटेने जा, एक दृश्य सगळीकडे सारखे दिसते. घर राहते झालेले असते, भिंतींना रंग असतो, खिडक्यांना पडदे असतात. पण छतावर खांबांतून लोखंडी सळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात. परक्या माणसाला वाटेल, पैसे संपले आणि घर अपुरे राहिले. आपल्याला मात्र त्या सळ्यांचा अर्थ चांगला ठाऊक आहे. वरचा मजला मुलासाठी, त्याच्याही वरचा नातवासाठी. जमीन महाग, कुटुंब वाढते, म्हणून घर वर वाढते. ती सळई म्हणजे आईबापांनी मुलांना दिलेला शब्द होय.

हा शब्द मोलाचा आहे. परंतु तो पाळताना एक प्रश्न विचारायचा राहून जातो. खालचा पाया आणि खालचे खांब तीन मजल्यांचे वजन पेलण्यासाठी घातले होते काय? मिस्त्रीला विचारावे तर तो म्हणतो, "काही होत नाही." शेजाऱ्याला विचारावे तर तो आपल्या घराकडे बोट दाखवितो. आणि बांधकामाचा परवाना म्हटला की आपल्याला आठवते ती कौन्सिलातील रांग, नकाशे, शुल्क आणि फेऱ्या. नियम म्हणजे सरकारने आपल्या वाटेत ठेवलेला धोंडा, असे मानण्याची आपल्याला सवय झाली आहे. प्रत्यक्षात हे नियम आपल्याच बेटाने फार मोठी किंमत मोजून शिकलेले धडे आहेत. ते कसे, हे आज वाचकांसमोर मांडावे असे आम्हांला वाटते.

वाऱ्याने शिकविलेले धडे

१८९२ सालच्या एप्रिल महिन्यातील चक्रीवादळात या बेटावर हजाराहून अधिक माणसे मरण पावली. पुढे १९६० साली प्रथम आलिक्स आणि मग फेब्रुवारीच्या अखेरीस कॅरोल ही वादळे आली. कॅरोलच्या झोतांचा वेग ताशी २५६ किलोमीटरपर्यंत गेला. लाकडाची, गवताची आणि तोलच्या पत्र्याची घरे उडून गेली आणि हजारो कुटुंबे उघड्यावर पडली. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून त्या रात्रीची हकिकत अजूनही ऐकू येते. त्यानंतर सरकारने सेंट्रल हाउसिंग ऑथॉरिटी स्थापन केली, ठिकठिकाणी सिते वसल्या आणि सामान्य माणूस काँक्रीटच्या ब्लॉकचे घर बांधू लागला.

१९७५ च्या फेब्रुवारीत जेर्वेझ आले. त्याचे झोत ताशी २८० किलोमीटरचे, म्हणजे कॅरोलपेक्षाही जोराचे होते. नुकसान पुष्कळ झाले, पण प्राणहानी कॅरोलच्या मानाने बरीच कमी झाली. रेडिओवरून मिळणारी आगाऊ सूचना हे त्याचे एक कारण होय, आणि डोक्यावरचे पक्के छत हे दुसरे.

यामागील हिशेब शाळेतील मुलालाही समजेल. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी २८० किलोमीटर वेगाचा वारा एका चौरस मीटरवर सुमारे ३७० किलो वजनाएवढा जोर लावतो. छतावर हा जोर पुष्कळदा खाली दाबत नाही, वर ओढतो. पत्र्याच्या एका चौरस मीटरचे वजन पाच-सहा किलो असते. तो खिळ्यांवर आणि लाकडावर टिकून असतो. एक खिळा निघाला की वारा आत शिरतो आणि सगळे छप्पर उचलतो. याउलट पंधरा सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या दालचे वजन चौरस मीटरला सुमारे ३६० किलो असते. शिवाय ती सळ्यांनी भिंतींना आणि खांबांना बांधलेली असते. म्हणून ती जागची हलत नाही.

हा केवळ जुना इतिहास नाही. २०२४ च्या डिसेंबरात शिदो नावाचे चक्रीवादळ आपल्या आगालेगावर आदळले आणि १४ डिसेंबरला ते मायोत या फ्रेंच बेटावर गेले. तेथे झोतांचा वेग ताशी २२० किलोमीटरच्या वर होता, म्हणजे कॅरोल किंवा जेर्वेझपेक्षा कमीच. तरीही डोंगरउतारावरच्या पत्र्याच्या वस्त्याच्या वस्त्या काही तासांत भुईसपाट झाल्या आणि कित्येक माणसे मेली. मायोतही आपल्याच हिंदी महासागरातले बेट. जिथे घर नियमाबाहेर उभे राहते, तिथे वादळ आपला हिशेब अजूनही त्याच रीतीने पुरा करते.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे घर बांधण्यापूर्वी नगरपालिकेकडून किंवा जिल्हा कौन्सिलकडून बांधकाम व जमीनवापर परवाना घ्यावा लागतो. जागा बांधण्यास योग्य आहे काय, शेजाऱ्याच्या हद्दीपासून पुरेसे अंतर सोडले आहे काय, सांडपाण्याची सोय काय, हे त्यात पाहिले जाते. बांधकामासंबंधीचा आपला मूळ कायदा इंग्रजी राजवटीतील होता. २०१२ साली त्याच्या जागी बिल्डिंग कंट्रोल अ‍ॅक्ट आला. घर पडू नये एवढ्यावरच हा नवा कायदा थांबत नाही. आगीपासून बचाव, आरोग्य, अपंगांना सुलभ प्रवेश आणि ऊर्जेची बचत याही गोष्टी तो घरबांधणीच्या जबाबदारीत आणतो. त्याच्या आधी एक वर्ष, २०११ साली, ऊर्जा कार्यक्षमतेचा स्वतंत्र कायदा झाला होता.

नियमांत काळाप्रमाणे सुधारणा का करावी लागते, याचे एक उदाहरण आपल्याच सितेंमध्ये आहे. १९६० नंतर बांधलेल्या काही घरांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तक्ते वापरले गेले. त्या काळी ते स्वस्त, टिकाऊ आणि आगीला न जुमानणारे साहित्य म्हणून जगभर वापरात होते. पुढे कळले की त्याची धूळ फुप्फुसात जाऊन वर्षांनी जीवघेणे रोग होतात. वादळापासून वाचविणारे घर श्वासातून घात करू शकते, हे ज्ञान नंतर आले. म्हणून अशा घराची मोडतोड किंवा दुरुस्ती आपल्या हाताने करू नये, हाही आज सुरक्षेचाच नियम आहे.

दाल घालण्याचा दिवस

आपल्याकडे 'दाल' म्हटले की पानातली डाळ आठवते, तशी छताची दालही आठवते. दाल घालण्याचा दिवस म्हणजे घरचा सणच. शेजारी येतात, भाऊबंद येतात, बायका मोठ्या डेगीत जेवण रांधतात आणि हातोहात बादल्या वर चढतात. परस्परांना मदत करण्याची ही रीत आपल्या समाजाचे भूषण आहे. परंतु याच दिवशी घराचे पुढील पन्नास वर्षांचे आयुष्य ठरते, ही गोष्ट आपण ध्यानात घेत नाही.

काँक्रीट हलके वाहावे म्हणून कोणीतरी त्यात जास्तीचे पाणी ओततो. तेवढ्याने काम सोपे होते आणि काँक्रीट कमजोर होते. सळई साच्याला टेकूनच राहिली तर तिच्याभोवती काँक्रीटचे पांघरूण उरत नाही. समुद्रावरची खारी हवा तिच्यापर्यंत पोचते, लोखंड गंजते, गंजताना फुगते आणि वरचे काँक्रीट फोडून टाकते. जुन्या घरांच्या छतातून जे पापुद्रे गळतात त्याचे कारण बहुधा हेच असते. दाल घातल्यावर निदान आठवडाभर ती ओली ठेवावी लागते आणि खालचे टेकू घाईने काढायचे नसतात. पूर्वी सरोवरातील वाळू वापरली जाई. तिच्यातील मीठ लोखंडाला मारक होते आणि तिचा उपसा किनाऱ्याला मारक होता. २००१ साली हा उपसा बंद झाला आणि आता दगड दळून केलेली रॉकसँड वापरतात. एकाच नियमाने घरही वाचले आणि किनाराही वाचला.

आता छतावरच्या त्या सळ्यांकडे पुन्हा पाहू. वीस वर्षे ऊनपाऊस खाऊन त्या गंजून बारीक झालेल्या असतात. मुलाचे लग्न ठरते आणि त्याच सळ्यांना नव्या सळ्या बांधून वरचा मजला उभा राहतो. खाली पाया एका मजल्याचा, जोड गंजलेला, आणि परवाना एक तर घेतलेलाच नसतो किंवा जुन्या कागदावर काम भागविलेले असते. रोजच्या दिवसांत असे घर उभे राहते, आणि म्हणूनच ते फसवते. परीक्षा होते ती वादळाच्या दिवशी किंवा पायाखालची माती पाण्याने मऊ झाल्यावर.

दुसऱ्याच्या दुःखातूनही शिकावे. महाराष्ट्रात ठाण्याजवळ मुंब्र्याच्या परिसरात ४ एप्रिल २०१३ रोजी एक बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली. घाईघाईने मजल्यावर मजले चढविले जात होते आणि खालच्या मजल्यांवर माणसे राहायलाही आली होती. ७४ जण मरण पावले, त्यांत पुष्कळ लहान मुले होती. तेथेही परवानग्यांचे नियम होते. ते पाळले गेले नाहीत आणि पाळायला लावलेही गेले नाहीत. आपल्याकडे एवढ्या उंच इमारती गावांत नाहीत, म्हणून आपण निश्चिंत राहावे काय? आपल्या घराच्या दालखालीही माणसेच झोपतात.

पाण्याची वाट

त्या दुर्घटनेच्या पाचच दिवस आधी, ३० मार्च २०१३ ला, पोर्ट लुई पाण्याखाली गेले होते. अवघ्या काही तासांत दीडशे मिलिमीटर पाऊस पडला, डोंगरावरून लोंढे आले आणि ११ माणसे दगावली. त्यांतील काही कोदाँजवळच्या भुयारी वाटेत आणि तळघरातील वाहनतळात अडकून मेली. १५ जानेवारी २०२४ ला बेलाल वादळाच्या वेळी राजधानीच्या रस्त्यांतून मोटारी तरंगत जाताना आपण सर्वांनी पाहिल्या.

पाऊस आपल्या हातात नाही, पण पाण्याची वाट आपल्या हातात आहे. जिथे ऊस होता तिथे मोर्सेलमाँ झाले. जी माती पाणी पिऊन घेत होती तिच्यावर सिमेंट आले. कोणी ओढ्यावर भिंत घातली, कोणी अंगणात फरशी केली आणि सारे पाणी शेजाऱ्याच्या दारात लोटले. २०१७ साली लँड ड्रेनेज ऑथॉरिटीचा कायदा झाला तो याचसाठी. शित्रकूटसारख्या ठिकाणी तर जमीनच हळूहळू सरकते आणि घरांना तडे जातात. तेथे जपानी तज्ज्ञांनी येऊन अभ्यास केला. अशा जागी कितीही जाड सळई घातली तरी उपयोग नाही. जागा पाहूनच परवाना द्यावा, हा नियम यासाठीच आहे.

बांधणारे हात

सुरक्षेचा विचार करताना आपण घरात राहणाऱ्यांचा विचार करतो. घर बांधणाऱ्यांचे काय? २००५ साली व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याचा कायदा आपल्या देशात झाला. उंचावर काम करताना कठडा आणि पट्टा हवा, खोल चर खणताना त्याच्या बाजूंना आधार हवा, डोक्यावर टोप हवा, ही साधी कलमे आहेत. बांधकामावर माणसे मरतात ती बहुतेक उंचावरून पडून किंवा ढासळलेल्या मातीखाली दबून.

आज आपल्या बेटावरील पराँचींवर बांगलादेशातून, भारतातून आलेले तरुण मोठ्या संख्येने दिसतात. ते करारावर आले आहेत, त्यांना इथली भाषा नीट येत नाही आणि तक्रार केली तर परत धाडतील अशी भीती त्यांच्या मनात असते. वाचकहो, करारावर बोटीने आलेल्या, परक्या भाषेच्या देशात दुसऱ्याच्या हुकमाखाली राबलेल्या माणसांचे आपण वंशज आहोत. आपल्या आजा-पणज्यांसाठी जो कायदा दुबळा होता तो या पोरांसाठी तरी सबळ असावा, एवढी अपेक्षा आपण ठेवली पाहिजे. आपल्या अंगणात काम चालू असेल तेव्हा तर ती जबाबदारी आपलीच आहे.

उन्हाचे बिल

आता नियमांची दुसरी बाजू पाहू. काँक्रीटने आपल्याला वाऱ्यापासून वाचविले, पण उन्हाच्या स्वाधीन केले. सपाट दाल दिवसभर ऊन पिते आणि संध्याकाळी, नेमकी झोपायच्या वेळी, ती उष्णता खोलीत सोडते. मग वातानुकूलन यंत्र येते. साधारण एक किलोवॅटचे यंत्र रात्री आठ तास पूर्ण जोराने चालले तर आठ युनिट वीज खाते, महिन्याला २४०. पंखा त्याच आठ तासांत अर्ध्या युनिटावर भागवितो.

ही वीज येते कोठून? आपली सुमारे चार-पंचमांश वीज बाहेरून आणलेल्या कोळशावर आणि तेलावर तयार होते. बाकीची उसाचा चोथा, पाणी, सूर्य आणि वारा यांतून मिळते. म्हणजे एकेक तापलेली दाल देशाला जहाजभर कोळसा आणायला लावते. घर कसे बांधावे हा प्रश्न म्हणून केवळ घरमालकाचा राहत नाही.

उपाय महागडे नाहीत, पण ते बांधण्यापूर्वी ठरवावे लागतात. आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेला वीस अंशांवर आहोत. भर उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, म्हणून सर्वांत जास्त उष्णता छतावाटे येते आणि त्या खालोखाल पूर्व-पश्चिम भिंतींवाटे. वर्षातील बहुतेक दिवस दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. महाराष्ट्रात तो दक्षिणेला असतो. तिकडच्या पुस्तकातील घराचा नकाशा इथे जसाच्या तसा उचलला तर सावलीची बाजू चुकते. छताला पांढरा रंग द्यावा, दालच्या वर उष्णता अडविणारा थर घालावा, पश्चिमेला मोठी खिडकी ठेवू नये, उत्तरेच्या खिडकीवर सज्जा काढावा आणि समोरासमोर खिडक्या ठेवून वारा खेळता ठेवावा. कोकणातल्या घराला पडवी होती, इथल्या जुन्या घराला लावारांग होती. दोन्ही भिंतीवर ऊन पडू देत नसत. मोटार ठेवायला जागा हवी म्हणून आपण पहिला घाला घातला तो लावारांगवरच.

एक इशारा मात्र द्यायला हवा. बचत आणि सुरक्षा यांची फारकत होता कामा नये. सूर्यावर पाणी तापविणारे यंत्र किंवा विजेची सौर पाटी छतावर बसविताना ती दालला पक्की जखडली नाही, तर वादळात तीच शेजाऱ्याच्या खिडकीतून आत येईल. हजार लिटरच्या टाकीतले पाणी एक टन भरते. ती खांबावर ठेवली आहे की दालच्या मधोमध, याने फरक पडतो. म्हणूनच २०१२ च्या कायद्याने या दोन्ही गोष्टी एकाच छत्राखाली आणल्या, हे योग्यच झाले.

उणीव कोठे आहे

कायदा चांगला आहे, मग घोडे अडते कोठे? आमच्या मते नियमांची नजर कागदावर जेवढी असते तेवढी बांधकामावर नसते. परवाना मिळतो कामाच्या आधी. घराचा खरा कस लागतो सळ्या बांधून झाल्यावर आणि काँक्रीट पडण्यापूर्वी. एकदा दाल पडली की आत काय आहे ते कोणालाही दिसत नाही. त्या एका दिवशी जाणत्या माणसाची नजर फिरली, तर निम्मे धोके टळतील. कौन्सिलांनी त्यासाठी अधिक तपासनीस नेमावेत आणि साध्या कुटुंबाला समजेल अशा भाषेत, क्रिओलमध्ये आणि आपल्या भाषांमध्येही, नियमांची पुस्तिका द्यावी. परवाना मिळविणे गरिबाला जड जात असेल, तर परवाना सोपा करावा. तपासणी सैल करू नये.

आपल्या बाजूनेही काही करता येईल. आपल्या बैठका, मंडळे आणि देवळांची सभागृहे शेकडो माणसांना एका छताखाली आणतात. तिथे मजला वाढविण्याआधी इंजिनियरचा लेखी अभिप्राय घेतला, तर घरोघर तोच पायंडा पडेल. वरचा मजला काढायचा विचार असेल तर तो पाया घालतानाच नकाशात दाखवावा. तसे केले नसेल तर आधी खालचे घर तपासून घ्यावे, आणि ते वजन पेलत नाही असे कळले तर मुलाला तसे स्पष्ट सांगावे. छतावर उघड्या राहिलेल्या सळ्यांना काँक्रीटचे टोपण घालून ठेवावे. इंजिनियरला द्यावे लागणारे पैसे घराच्या एकूण खर्चाच्या मानाने थोडे असतात. आपण फरशीच्या रंगावर त्याहून अधिक वेळ आणि पैसा घालवितो.

मुलांसाठी घर मागे ठेवावे ही आपल्या समाजाची जुनी आस आहे. ऊस तोडून, पै पै जोडून आपल्या वाडवडिलांनी ती पुरी केली. घराबरोबर त्याचा नकाशा, परवाना आणि पायाची माहितीही जपून ठेवून मुलांच्या हाती द्यावी. पुढच्या वादळात वारा घर कोणाचे आहे हे विचारणार नाही. ते कसे बांधले आहे एवढेच तो पाहील.